थायमसच्या नावाने: प्रयोगशाळेतल्या एका पेप्टाइडचा आढावा

थायमोसिन अल्फा-१ प्रयोगशाळांना पुरवलं जातं ते पांढऱ्या, हलक्या भुकटीच्या रूपात. ते मिलिग्रॅमच्या हिशोबाने विकलं जातं आणि बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या व्हायलमध्ये येतं. लेबलवर नाव, बॅचचा क्रमांक, शुद्धतेचा टक्का आणि खाली एक ओळ असते: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वा जनावरांवर उपचारासाठी नाही. बंगळूरमध्ये रोगप्रतिकारशास्त्रावर काम करणाऱ्याला हे पेप्टाइड मागवणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्याबद्दल ठामपणे काही म्हणणं. थायमस ग्रंथीतून निघालेलं म्हणून ओळखलं जाणारं हे पेप्टाइड नेमकं काय आहे, साठ वर्षांत त्याच्याबद्दल काय सिद्ध झालं आणि ते वापरणाऱ्याने व्हायलवर किती भरवसा ठेवावा, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे पेप्टाइड अभ्यासाच्या लायकीचं नक्कीच आहे, पण त्याच्या नावाला मिळालेली प्रतिष्ठा पुराव्याच्या बरीच पुढे धावली आहे. ही तफावत लेबल वाचून भरून निघणार नाही, ती प्रयोगशाळेतच भरून काढावी लागेल.

थायमस, म्हणजे मराठीत जिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात ती, छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. बाळपणी ती भरीव असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. तिच्या जागी चरबी भरते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ तिला निरुपयोगी अवशेष समजत होते. १९६१ मध्ये लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत जॅक मिलर उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या थायमस काढल्या. ती पिल्लं पुढे संसर्गांनी खंगू लागली, त्यांच्या रक्तातल्या लसिका पेशी घटल्या आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा लावली तरी त्यांचं शरीर ती नाकारेना. ज्यांना आज आपण टी पेशी म्हणतो त्या या ग्रंथीत घडतात, हे त्या प्रयोगांतून उलगडत गेलं. शरीरातल्या एका अख्ख्या अवयवाचं कार्य इतक्या उशिरा कळावं, हे विसाव्या शतकाच्या वैद्यकात विरळच.

या अज्ञानाची किंमत लहान मुलांनी मोजली होती. शतकाच्या सुरुवातीला पाळण्यात अचानक दगावणाऱ्या बाळांच्या शवविच्छेदनात थायमस ‘मोठी’ दिसायची. तीच श्वास दाबते असं ठरलं आणि निरोगी बाळांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा सुरू झाला. गोम अशी होती की थायमसचा जो ‘सामान्य’ आकार डॉक्टरांना ठाऊक होता, तो आजारपणाने आणि उपासमारीने झिजून मेलेल्या गरिबांच्या मृतदेहांवरून ठरलेला होता. दीर्घ आजारात ही ग्रंथी झपाट्याने लहान होते. अचानक गेलेल्या बाळाची ग्रंथी मोठी नव्हती, ती जशी असायला हवी तशीच होती. पुढे १९५० च्या आसपास अशा किरणोपचार झालेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग दिसू लागला. तुलनेसाठी घेतलेला नमुनाच चुकीचा असेल तर त्यावरचा सगळा तर्क कसा कोसळतो, याचं याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही. व्हायलमधल्या पेप्टाइडकडे येताना ते लक्षात ठेवायला हवं.

आजारपणात थायमस का झिजते, या प्रश्नावर बंगळूरमध्येच मोलाचं काम झालं आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या, म्हणजे बंगळूरकरांच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’च्या, जैवरसायन विभागात दीपंकर नंदी यांच्या गटाने उंदरांना साल्मोनेला टायफिम्युरियम या जिवाणूचा संसर्ग करून थायमसचं काय होतं ते बारकाईने तपासलं. २०१३ मध्ये ‘इम्युनॉलॉजी’ या नियतकालिकात छापलेल्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या मुक्ता देवबागकर-लेले. थायमसमध्ये पेशी पक्व होण्याच्या मधल्या टप्प्यावर सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही चिन्हं पृष्ठभागावर बाळगतात. मोठ्या संख्येने मरतात त्या याच मधल्या टप्प्यातल्या पेशी. त्यांना मारणारे मार्ग दोन आहेत, शरीरातलं ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल आणि संसर्गाशी लढताना तयार होणारं इंटरफेरॉन-गॅमा, आणि हे दोन्ही एकमेकांचा परिणाम वाढवतात, असं या गटाने दाखवलं. याच गटाने पुढे थायमसच्या झिजेवरचे प्रयोग आणि तिच्यावरचे संभाव्य उपाय यांचा सविस्तर आढावाही घेतला. टायफॉइडच्या कुळातला जिवाणू, कुपोषण आणि वारंवारचे ताप हे ज्या देशाचं वास्तव आहे, तिथे हा विषय पुस्तकी राहत नाही. झिजलेली थायमस पुन्हा कामाला लावता येईल का, हा प्रश्न विचारणारा माणूस आज ना उद्या थायमोसिनच्या व्हायलपाशी येऊन ठेपतो.

ती व्हायल आली कुठून, ते पाहू. थायमस जर टी पेशी घडवते, तर ती हे काम एखादं संप्रेरक स्रवून करत असेल, हा १९६० च्या दशकातला अगदी स्वाभाविक कयास होता. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, थायरॉइड थायरॉक्सिन सोडते, तसं थायमसचंही काहीतरी असणार. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात अब्राहम व्हाइट आणि त्यांचे तरुण सहकारी अ‍ॅलन गोल्डस्टाइन यांनी १९६६ मध्ये वासरांच्या थायमसमधून एक सक्रिय अर्क काढला आणि त्याला थायमोसिन नाव दिलं. अर्क शुद्ध करत करत ते ‘फ्रॅक्शन ५’पर्यंत पोहोचले. या प्रक्रियेत ८० अंशांपर्यंत तापवण्याची एक पायरी होती, म्हणजे उरलेली द्रव्यं उष्णतेला दाद न देणारी होती. पण फ्रॅक्शन ५ हा एक पदार्थ नव्हता, त्यात निदान ४० पेप्टाइडं होती. गोडा मसाला हुंगून त्यातलं दगडफूल नेमकं काय करतं ते ओळखण्यासारखं काम पुढे होतं. गोल्डस्टाइन यांच्या गटाने या पेप्टाइडांची वर्गवारी त्यांच्या विद्युतभारावरून केली. समविद्युत बिंदू ५ च्या खाली असलेली अल्फा, ५ ते ७ मधली बीटा आणि ७ च्या वरची गॅमा. नावातला ‘अल्फा-१’ एवढंच सांगतो. कार्याबद्दल त्यात काहीच नाही.

१९७५ मध्ये थायमस नीट न वाढलेल्या मुलांवर फ्रॅक्शन ५ वापरल्याचा अहवाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि आशा उंचावल्या. १९७७ मध्ये थायमोसिन अल्फा-१ ची पूर्ण रचना छापून आली: २८ अमिनो आम्लांची साखळी, सुरुवातीच्या टोकाला अ‍ॅसिटिल गटाची टोपी, रेणुभार सुमारे ३,१०८. रॉबर्ट ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलेल्या, रेझिनच्या मण्यावर एकेक अमिनो आम्ल जोडत जाण्याच्या पद्धतीने हे पेप्टाइड लवकरच कृत्रिमरीत्या बनवता आलं. तेव्हापासून वासराची गरज संपली. ‘थायमसपासून मिळवलेलं’ असं आज ज्याला म्हटलं जातं, त्यातल्या एका अणूचाही थायमसशी संबंध नसतो. ते रसायनशाळेत बनतं.

त्याच दशकात इतरही शर्यतीत होते. पॅरिसमध्ये जाँ-फ्राँस्वा बाख यांनी नऊ अमिनो आम्लांचं थायम्युलिन शोधलं. ते जस्ताचा अणू चिकटल्याशिवाय काम करत नाही. या सगळ्या कुटुंबातला मला सर्वांत भक्कम वाटणारा धागा हाच आहे. मूळचे बिहारचे आणि अमेरिकेत डेट्रॉइटला स्थिरावलेले आनंद प्रसाद यांनी १९८८ मध्ये बाख यांच्या गटाबरोबर एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की माणसात जस्ताची सौम्य कमतरता असली तरी रक्तातल्या थायम्युलिनची सक्रियता घटते, आणि जस्त दिल्यावर ती परत येते. मात्रा, कारण, परिणाम आणि उलटफेर अशी पूर्ण साखळी तिथे आहे. आपल्याकडच्या आहाराचा आणि बालकांच्या जस्तपातळीचा विचार केला तर या धाग्यावर कितीतरी अधिक काम व्हायला हवं होतं.

अमेरिकेत गिडिअन गोल्डस्टाइन (हे वेगळे गोल्डस्टाइन) यांनी थायमोपोएटिन शोधलं. थायमसच्या संप्रेरकाच्या शोधातच १९७५ मध्ये त्यांना आणखी एक लहान प्रथिन सापडलं. टी पेशी घडवणारं म्हणून त्यांनी ते काढलं खरं, पण ते थायमसपुरतं नव्हतं. प्राणी, वनस्पती, यीस्ट, जिथे पाहावं तिथे ते होतं. तेच युबिक्विटिन. पेशी आपली निकामी प्रथिनं मोडीत काढण्याआधी त्यांच्यावर जी खूण लावते ती खूण म्हणजे हे प्रथिन, असं पुढे इतरांनी सिद्ध केलं आणि त्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. थायमसमधून काढलं म्हणून एखादी गोष्ट थायमसची ठरत नाही, हे त्या क्षेत्राने तेव्हाच शिकायला हवं होतं.

थायमोसिनांच्या बाबतीतही तसंच घडलं. थायमोसिन बीटा-४, ४३ अमिनो आम्लांचं, १९८१ मध्ये थायमसचं संप्रेरक म्हणून जगासमोर आलं. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, वेगळ्याच वाटेने येणाऱ्या संशोधकांना कळलं की पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनचे सुटे रेणू धरून ठेवणारं पेप्टाइड ते हेच. रक्तबिंबिकांत ते ठासून भरलेलं असतं आणि शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सापडतं. अल्फा-१ ची गोष्टही फारशी निराळी नाही. १९८४ मध्ये दिसून आलं की ते प्रोथायमोसिन अल्फा या मोठ्या प्रथिनाचा सुरुवातीचा तुकडा आहे. हे मोठं प्रथिन पेशीकेंद्रात राहतं, पेशींच्या वाढीशी जोडलेलं आहे आणि तेही थायमसपुरतं नाही. पेशीतल्या लेग्युमेन नावाच्या विकराने ते कापलं जाऊन अल्फा-१ मोकळं होतं, असं नंतरच्या कामातून दिसलं. दरम्यान टी पेशी कशा घडतात याचं चित्रही बदललं. त्यासाठी लागतो थायमसच्या आवरणपेशींचा प्रत्यक्ष स्पर्श, नॉच नावाच्या ग्राहकाचे संकेत आणि आयएल-७ सारखी जवळच्या जवळ काम करणारी द्रव्यं. दुरून रक्तावाटे हुकूम पाठवणाऱ्या संप्रेरकाला त्या चित्रात मध्यवर्ती जागा उरली नाही.

मग अल्फा-१ काहीच करत नाही का? करतं, पण बहुधा थायमसच्या वतीने नाही. इटलीतल्या पेरुज्यात लुइजिना रोमानी यांच्या गटाने २००४ मध्ये ‘ब्लड’ नियतकालिकात दाखवलं की हे पेप्टाइड डेंड्रिटिक पेशींना जागं करतं आणि बुरशीच्या संसर्गाविरुद्ध उंदरांना बळ देतं. ते काम टोल-सदृश ग्राहकांच्या, विशेषतः टीएलआर-९ च्या, मार्गाने होतं. जंतूंची चाहूल घेणारे हेच ते ग्राहक. आजच्या घडीला अल्फा-१ बद्दलचा सर्वांत गांभीर्याने घेण्याजोगा कार्यकारणसंबंध हा आहे, आणि नेमका तोच व्हायलच्या शुद्धतेबद्दल सर्वांत अवघड प्रश्न उभा करतो.

डेंड्रिटिक पेशी अत्यंत संवेदनशील असतात. जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं एंडोटॉक्सिन अत्यल्प प्रमाणात असलं तरी त्या टीएलआर-४ मार्फत पेटून उठतात. कृत्रिम पेप्टाइड जिवाणूंत वाढवलेलं नसलं तरी धुण्याचं पाणी, काच आणि हाताळणी यांतून एंडोटॉक्सिन येऊ शकतं. शुद्धतेचा टक्का काढणारं एचपीएलसी यंत्र ते पाहत नाही. म्हणजे ‘९८ टक्के शुद्ध’ व्हायल टाकल्यावर पेशी सक्रिय झाल्या, तर ते पेप्टाइडमुळे झालं की उरलेल्या कणभर मळामुळे, हे त्या टक्क्यावरून कळत नाही. नेहमीची युक्ती म्हणजे नमुना उकळून पाहायचा. प्रथिन असेल तर ते नासेल, एंडोटॉक्सिन टिकेल. पण इथे ती युक्ती लंगडी पडते, कारण ज्या अर्कातून हे पेप्टाइड निघालं तोच ८० अंशांना तापवून काढलेला होता. त्यामुळे तुलनेचे नमुने विचारपूर्वक निवडावे लागतात: तीच अमिनो आम्लं उलटसुलट क्रमाने जोडलेलं, त्याच कारखान्यातून त्याच पद्धतीने आलेलं पेप्टाइड, टीएलआर-४ नसलेल्या उंदरांच्या पेशी, पेप्टाइड कापणारं विकर, आणि स्वतः केलेली एंडोटॉक्सिनची चाचणी. बाळांच्या थायमसचा आकार ज्या चुकीच्या तुलनेवरून ठरला, तसली तुलना इथे पुन्हा होऊ नये यासाठी हा खटाटोप आहे.

व्हायल तपासण्यातले आणखी काही बारकावे याच रेणूचे खास आहेत. प्रयोगशाळेत प्रथिनाचं प्रमाण मोजायची सोपी सवय म्हणजे थेंब घेऊन २८० नॅनोमीटरला प्रकाशशोषण पाहणं. ते शोषण टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांमुळे होतं. थायमोसिन अल्फा-१ च्या २८ आम्लांत ही दोन्ही नाहीत, फिनाइलअ‍ॅलनिनही नाही. त्यामुळे त्या यंत्रावर हे पेप्टाइड जवळजवळ अदृश्य असतं, आणि काही आकडा दिसलाच तर त्याबद्दल संशय घ्यावा, तो दुसऱ्याच कशाचा तरी असण्याची शक्यता जास्त. त्यात आर्जिनिनही नाही, म्हणून ब्रॅडफर्डच्या निळ्या रंगाच्या चाचणीवरही विसंबता येत नाही. २१४ नॅनोमीटरच्या आसपास पेप्टाइड बंधांचं शोषण पाहणं किंवा अमिनो आम्लांचं पृथक्करण करून घेणं, हाच खात्रीचा रस्ता.

वजनाचंही तसंच. या साखळीत चार लायसिन आहेत आणि शुद्धीकरणात वापरलेलं ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल त्यांना क्षाररूपात चिकटून येऊ शकतं. चारही जागा भरल्या तर भुकटीच्या वजनातला सुमारे १३ टक्के भाग त्या आम्लाचाच निघतो. वर भुकटीने शोषलेलं पाणी वेगळं. एचपीएलसीचा टक्का यातलं काहीच मोजत नाही. म्हणून ‘१ मिलिग्रॅम’ लिहिलेल्या व्हायलमध्ये पेप्टाइड तेवढंच असतं असं गृहीत धरलं, तर मात्रेचा प्रत्येक आलेख सुरुवातीलाच सरकलेला असतो. त्या आम्लाचा अवशेष काही पेशींच्या वाढीवर स्वतःच परिणाम करतो, हेही हाडांच्या पेशींवरच्या प्रयोगांतून पूर्वीच दिसलं आहे. अ‍ॅसिटेट रूपातलं पेप्टाइड मागवणं थोडं महाग पडतं, पण पेशींवरच्या कामासाठी तेच योग्य. सुरुवातीची अ‍ॅसिटिल टोपी आहे की नाही हे मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो. ती नसेल तर वस्तुमान ४२ ने कमी भरतं. जोडणीत एखादं ग्लुटॅमेट सुटलं असेल तर १२९ ने कमी. ही साखळी जोडायला अवघड समजली जाते, शेवटाकडचे व्हॅलिन आणि ग्लुटॅमेट एकामागोमाग येतात तिथे विशेषच, त्यामुळे ही शंका काल्पनिक नाही. बंगळूरच्या पावसाळी महिन्यांत एक साधी सवयही खूप राखते: फ्रीझरमधून काढलेली व्हायल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार भुकटी हवेतली ओल शोषते. एकदा विरघळवलं की लहान लहान अलिकॉट करून ठेवायचे.

हे सगळं करण्याची क्षमता या शहरात नाही असं कोणी म्हणू शकत नाही. पेप्टाइडच्या साखळीला कोणकोणत्या कोनांत वळता येतं याचा नकाशा, जगभर रामचंद्रन आलेख म्हणून शिकवला जाणारा, १९६३ मध्ये मद्रासला तयार झाला आणि त्याचे कर्ते जी. एन. रामचंद्रन पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले. तिथे त्यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. त्याच विभागात पद्मनाभन बलराम यांनी पेप्टाइडांच्या रचनेवर आयुष्यभर काम केलं. २००५ ते २०१४ या काळात ते संस्थेचे संचालक होते. प्रयोगशाळांना लागणारी विकरं परदेशातून बर्फात येण्याची वाट पाहावी लागे, त्या काळात बंगळूर जेनाई या कंपनीने ती इथेच बनवायला घेतली, आणि देशभरातल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीला तिचं नाव पाठ आहे. २००९ मध्ये सुरू झालेलं सी-कॅम्प हे केंद्र एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारात बाहेरच्या संशोधकांनाही मास स्पेक्ट्रोमीटरची सेवा देतं. आणि बायोकॉनच्या लिराग्लुटाइडला मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकाची मंजुरी मिळाली. लिराग्लुटाइड ३१ अमिनो आम्लांचं, म्हणजे थायमोसिन अल्फा-१ पेक्षा जेमतेम तीनने लांब. एकाच शहरात जवळपास सारख्या आकाराची दोन पेप्टाइडं आहेत. एकाच्या प्रत्येक बॅचमागे नियामकाने तपासलेली कागदपत्रं आहेत, तर दुसऱ्याबरोबर बहुतेक वेळा एका पानाचं प्रमाणपत्र येतं. संशोधनाचं पेप्टाइड औषधाच्या दर्जाचं असावं अशी माझी मागणी नाही, ते परवडणार नाही. पण त्या एका पानावर काय लिहिलेलं नाही हे वाचता आलं पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात एखादा पदार्थ औषध ठरतो तो मुख्यतः त्याच्या अपेक्षित उपयोगावरून. पेशींच्या बशीत टाकायला घेतलेलं पेप्टाइड हे रसायन असतं. तेच माणसाला टोचायच्या हेतूने घेतलं की ते औषधाच्या नियमांखाली येतं. नव्या औषधाची चाचणी किंवा पृथक्करणासाठी आयात करायची तर २०१९ च्या नियमांनुसार सीटी-१६ अर्ज भरून सीटी-१७ परवाना घ्यावा लागतो. उंदरांवर वापरायचं तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी. लेबलवरची ‘फक्त संशोधनासाठी’ ही ओळ म्हणजे पुरवठादाराने आपली जबाबदारी कुठे संपते ते दाखवलेली सीमा आहे. पलीकडची सगळी जबाबदारी विकत घेणाऱ्याची.

ही सीमा ओलांडली जाते, आणि ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. बीटा-४ आणि त्याचा सात आम्लांचा तुकडा, जो टीबी-५०० या नावाने ओळखला जातो, आधी शर्यतीच्या घोड्यांत आणि मग माणसांत शिरला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत दोन्हींची नावं आहेत. ऑस्ट्रेलियात एसेंडन या फुटबॉल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने बीटा-४ पायीच बंदी घातली. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये, औषधविक्रेत्यांनी परस्पर मिसळून देण्याच्या दृष्टीने सुरक्षिततेची गंभीर शंका असलेल्या द्रव्यांत थायमोसिन अल्फा-१ आणि बीटा-४ चा तुकडा दोन्ही घातले. आपल्याकडेही ‘इम्युनिटी’च्या आणि झटपट बऱ्या होणाऱ्या स्नायूंच्या नावाखाली असल्या व्हायलची चर्चा व्यायामशाळांत ऐकू येते. ज्या व्हायलमध्ये एंडोटॉक्सिन किती आहे हे पुरवठादाराने मोजलेलं नाही, जी निर्जंतुक असल्याचा दावा कोणी केलेला नाही, ती स्वतःच्या पोटाच्या कातडीखाली टोचणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुणांनी आपल्या मित्रांना हे स्पष्ट शब्दांत सांगावं. त्यांचं ऐकलं जाईल.

रुग्णालयातलं चित्र यापेक्षा वेगळं आहे, कारण तिथे औषध म्हणून बनवलेलं आणि तपासलेलं अल्फा-१, म्हणजे थायमाल्फासिन, वापरलं जातं. तीसहून अधिक देशांत ते मान्य आहे, मुख्यतः हिपॅटायटिस बी साठी, आठवड्यातून दोनदा १.६ मिलिग्रॅम या मात्रेत. अमेरिकेत मात्र आजवर कुठल्याही आजारासाठी मंजुरी नाही. भारतातही ते इंजेक्शनच्या रूपात मिळतं. त्याची सर्वांत मोठी कसोटी लागली ती सेप्सिसमध्ये, जिथे प्रतिकारशक्ती आधी भडकते आणि मग कोलमडते. २०१३ मध्ये चीनमधल्या ३६१ रुग्णांच्या चाचणीत औषध दिलेल्यांत २८ दिवसांतला मृत्युदर २६ टक्के, न दिलेल्यांत ३५ टक्के आला. पण ती चाचणी दुहेरी-अंध, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघांपासूनही उपचार लपवणारी, नव्हती आणि निष्कर्ष संख्याशास्त्राच्या उंबरठ्यावर अडखळत होता. मग त्याच देशात २२ केंद्रांवर १,१०६ रुग्णांची, प्लासिबो देऊन आणि दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून, नीट चाचणी झाली. तिचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’त आले: २३.४ टक्के विरुद्ध २४.१ टक्के. फरक उरला नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत वुहानमधल्या ७६ रुग्णांच्या नोंदी चाळून मोठा फायदा दिसल्याचं सांगितलं गेलं होतं, पण नंतर सगळ्यांना तो दिसला नाही. भारतात कोविडवर तिसऱ्या टप्प्याची दुहेरी-अंध चाचणी झाली आणि ती २०२२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’मध्ये छापून आली. तिचा आकार मात्र सेप्सिसच्या त्या चाचणीच्या जवळपासही नव्हता. माझ्या मते अतिदक्षता विभागात सरसकट हे औषध लिहिण्याचा आधार आता संपला आहे. ज्यांच्या टी पेशी खरोखरच खालावल्या आहेत अशा रुग्णांचा नेमका उपगट निवडून चाचणी करणं, एवढीच वाट खुली उरते.

थायमसचं महत्त्व मात्र उलट वाढत चाललं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात, छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांत पाच वर्षांतला मृत्युदर ८.१ टक्के आढळला, तर ती न काढता तशीच शस्त्रक्रिया झालेल्यांत २.८ टक्के. निरुपयोगी ठरवलेली ग्रंथी प्रौढ वयातही काहीतरी करत असते. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेत थायमसविना जन्मलेल्या मुलांसाठी प्रयोगशाळेत जोपासलेल्या थायमस ऊतीचं रोपण मान्य आहे. या मुलांना पेप्टाइडच्या इंजेक्शनने थायमस मिळत नाही, प्रत्यक्ष ऊतीच लागते, हे इथे विसरता कामा नये.

म्हणून बंगळूरमध्ये या पेप्टाइडवर पुढचं काम करणाऱ्यांकडून मला काय हवं आहे ते नेमकं सांगतो. साल्मोनेलाच्या संसर्गात झिजणाऱ्या थायमसचं उंदरातलं प्रारूप इथे तयार आहे, त्यातले दोन मारक मार्ग ओळखलेले आहेत. अल्फा-१ त्यातल्या एखाद्याला अडवतं का, की फक्त बाहेरच्या डेंड्रिटिक पेशींना डिवचतं, हे त्या प्रारूपात विचारता येईल. उत्तर ‘नाही’ आलं तरी ते छापावं. शेजारच्या पिंजऱ्यात जस्त दिलेले उंदीर ठेवले तर थायम्युलिनचीही तुलना आपसूक होईल. आणि निबंधाच्या ‘साहित्य व पद्धती’ या भागात पुरवठादाराच्या नावापुढे बॅच क्रमांक, क्षाराचं रूप, पेप्टाइडचं निव्वळ प्रमाण, मोजलेलं वस्तुमान आणि स्वतः तपासलेलं एंडोटॉक्सिन या पाच गोष्टी लिहाव्यात. प्रबंध तपासणाऱ्यांनी आणि नियतकालिकांच्या परीक्षकांनी त्या नसतील तर मागाव्यात. चाचण्यांचा खर्च व्हायलच्या किमतीच्या जवळ जाईल, म्हणून तो अनुदानाच्या अर्जातच वेगळ्या ओळीत मांडावा लागेल.